‘ऐकणे’ या क्रियापदाची दिशा : मराठी समुपदेशनाच्या भाषेची समीक्षा

१

मराठीतील ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानांवर आलेला शब्द ग्रहण करणे हा पहिला, आणि सांगितलेले मानणे हा दुसरा. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा मुलाच्या श्रवणेंद्रियाविषयी तिची तक्रार नसते. ‘सून ऐकणारी आहे’ हे वाक्य प्रशस्तिपत्र म्हणून उच्चारले जाते, तर ‘तो बायकोचं ऐकतो’ हे त्याच क्रियापदाचे वाक्य पुरुषाला हिणवण्यासाठी वापरले जाते. दोन्ही वाक्यांतील क्रिया एकच असताना एकीकडे गुण आणि दुसरीकडे दोष का दिसावा, याचे उत्तर व्याकरणात नाही. ते घराच्या रचनेत आहे. ऐकण्याला आपल्या समाजात एक ठरलेली दिशा आहे. धाकट्याने थोरल्याचे, सुनेने सासूचे, पत्नीने पतीचे, शिष्याने गुरूचे ऐकावयाचे असते. ही दिशा उलटली की भाषेलाच चुकल्यासारखे होते.

मनाच्या अस्वास्थ्यात आणि नातेसंबंधांतील पेचात सापडलेल्या माणसाला साहाय्य करण्याचा जो व्यवहार आज ‘समुपदेशन’ या नावाने ओळखला जातो, त्याचे मर्म नेमके ही दिशा उलटण्यात आहे. ज्याच्याकडे ज्ञानाचा व पदाचा अधिकार आहे त्याने आधी ऐकावयाचे, आणि जो दुखावलेला, गोंधळलेला वा दबलेला आहे त्याने बोलावयाचे, असा हा व्यवहार आहे. कार्ल रॉजर्स यांच्या ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या १९४२ च्या ग्रंथापासून या विद्येची एक प्रबळ शाखा असे मानत आली की, मार्ग दाखविणे हे साहाय्यकाचे काम नव्हे. समोरच्याला स्वतःचा मार्ग दिसेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे त्याचे काम होय.

मराठीने मात्र या व्यवहारासाठी जो शब्द रूढ केला, त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. ‘दिश्’ म्हणजे दाखविणे. उपदेशात एकजण बोट दाखवितो आणि दुसरा त्या दिशेने पाहतो. ‘सम्’ हा उपसर्ग लावल्याने उपदेश अधिक सम्यक् होईल, परंतु उपदेशपण त्यातून जात नाही. याच्या तुलनेत ‘सल्ला’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द अधिक मोकळा आहे. ‘मसलत’ ही त्याचीच भावंड. दोहोंच्या मुळाशी जो अरबी धातू आहे त्याचा अर्थ ठीक होणे, नीट होणे, समेट होणे असा आहे. सल्ला दिला जातो तसा घेतलाही जातो, आणि मसलत तर एकट्याने होऊच शकत नाही. तरीही ‘समुपदेशन’ टाकून दुसरा शब्द घ्यावा, अशी सूचना येथे करावयाची नाही. रूढ झालेला शब्द व्युत्पत्तीच्या धाकात राहत नाही. प्रश्न शब्दापेक्षा खोल आहे: शब्दातील उपदेश समुपदेशनाच्या मराठी वाक्यरचनेतही उतरला आहे काय, आणि उतरला असल्यास त्याची किंमत कोण देतो?

२

मनःस्वास्थ्य व निरोगी नातेसंबंध यांविषयी मराठीत जी पत्रके, पुस्तिका व वृत्तपत्रीय सदरे प्रसिद्ध होतात, त्यांतील वाक्यांचे साधारणतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग विध्यर्थाचा: ‘रागावर ताबा ठेवावा’, ‘जोडीदाराशी संवाद साधावा’, ‘अपेक्षा कमी कराव्यात’. दुसरा आज्ञार्थाचा: ‘सकारात्मक विचार करा’, ‘स्वतःला वेळ द्या’, ‘भावना व्यक्त करा’. मराठी व्याकरणे विध्यर्थाच्या अर्थांत कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा अशी एक परंपराच सांगतात. परंतु या पत्रकांतील ‘ठेवावा’, ‘साधावा’ यांत शक्यता किंवा इच्छा यांचा लवलेश नसतो, उरते ते केवळ कर्तव्य. शिवाय या वाक्यांत कर्ता बहुधा गाळलेला असतो. ‘रागावर ताबा ठेवावा’ म्हणजे कोणी ठेवावा? मारणाऱ्याने की मार खाणारीने? कर्ता गाळल्यामुळे वाक्य सर्वांना लागू होते असे वाटते. वस्तुतः ज्याला ते आधीच शंभर वेळा सांगितले गेले आहे, त्यालाच ते पुन्हा लागू होते.

दुसरा दोष भाषांतराचा आहे. मूळ इंग्रजी कल्पनेला संस्कृत प्रतिशब्द दिला की काम झाले असे समजले जाते; पण प्रतिशब्द रिकामा येत नाही, तो स्वतःचा संसार घेऊन येतो. ‘निरोगी नात्यासाठी मर्यादा आखा’ हे वाक्य पाहावे. मूळ कल्पना अशी की, इतरांनी आपल्याशी कोठपर्यंत वागावे याची रेषा व्यक्तीने स्वतः ठरवावी. मराठी घरात ‘मर्यादा’ या शब्दाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तेथे मर्यादा ही स्त्रीने पाळावयाची असते आणि ती दुसऱ्याने ठरविलेली असते. ‘मर्यादेत राहा’ हे वाक्य जिने आयुष्यभर ऐकले, तिला ‘मर्यादा आखा’ हा उपदेश मुक्त करणारा कसा वाटावा? त्याऐवजी ‘नको असेल तेथे नाही म्हणता येणे’ असे साधे सांगितले तर निदान अर्थ उलटा पोहोचणार नाही.

तीच गत ‘नात्यात एकमेकांना जागा द्या’ या वाक्याची. मुंबईच्या मराठीत ‘जागा’ म्हणजे राहण्याची खोली. जेथे एका खोलीत दोन भावांचे संसार, आईवडील आणि शिकणारी मुले राहत आली, तेथे या वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनात पहिली जी गोष्ट उभी राहते ती मानसिक अवकाशाची नव्हे, भाड्याच्या पावतीची. ‘स्वतःला वेळ द्या’ हेही तसेच. पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळी उठणाऱ्या स्त्रीचा वेळ तिच्या मालकीचा नाही, ही तिची अडचणच आहे. आणि पत्रक तिला तोच वेळ स्वतःला दान करण्यास सांगते. अडचणीचेच नाव उपाय म्हणून सांगणे हा उपदेशाच्या गद्याचा नेहमीचा प्रमाद आहे.

३

या भाषेची कसोटी लावावयाची तर ती अशा वस्तीत लावली पाहिजे, की जेथे दुःख पुष्कळ आहे आणि त्याविषयी बोलण्याची स्वतःची रीतही आहे. मध्य मुंबईतील घोडपदेव हा असा भाग आहे. भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधोमध असलेल्या या वस्तीच्या एका अंगाला गिरण्यांचा मुलूख आणि दुसऱ्या अंगाला गोदी व वखारी. घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार येथील चाळींत राहिले. पुष्कळांचा संसार गावी आणि पगार मुंबईत अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि नवराबायकोचे नाते पत्र, मनीऑर्डर व शिमग्या-गणपतीची रजा यांवर तोलले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मिळवता पुरुष घरी बसला आणि घरातील बाई डबे, खानावळ, शिवण किंवा घरकाम यांवर घर चालवू लागली. हे केवळ आर्थिक स्थित्यंतर नव्हते. कोणी कोणाचे ऐकावयाचे याचा घरातील क्रमच त्याने हलविला.

गिरणगावातील या चाळींत मनाच्या दुखण्याविषयी बोलताना जी वाक्ये कानांवर पडतात, त्यांत ‘नैराश्य’, ‘चिंताविकार’, ‘भावनिक स्वास्थ्य’ हे शब्द क्वचितच असतात. म्हणून तेथे भावनांची भाषा नाही असे समजणे ही मोठी चूक ठरेल. ‘जीव घाबरा होतो’, ‘जीव रमत नाही’, ‘जीव टांगणीला लागलाय’, ‘मनाला लागलं’, ‘मन उडालं’, ‘डोक्याला ताप झालाय’, ‘काळीज धडधडतं’, ‘अन्न गोड लागत नाही’ ही सर्व भावनांचीच भाषा आहे, आणि तिचे व्याकरण नीट पाहण्यासारखे आहे.

या वाक्यांत बोलणारी व्यक्ती कर्ता म्हणून येत नाही. ‘मला राग आला’, ‘तिला वाईट वाटलं’, ‘त्याला भीती वाटते’ यांत राग, वाईट आणि भीती येतात, वाटतात. ज्याला त्या होतात तो चतुर्थीत उभा असतो. मराठी भाषकाच्या दृष्टीने भावना ही करण्याची गोष्ट नसून होण्याची गोष्ट आहे. ती माणसाकडे येते, लागते, वाटते आणि कधी उडून जाते. या रचनेत एक शहाणपण आहे. भावना आली याबद्दल माणूस दोषी नाही. ती आल्यावर त्याने काय केले एवढ्यापुरताच तो कर्ता आहे. ‘मला राग आला’ आणि ‘मी हात उगारला’ या दोन वाक्यांतील विभक्तीचा भेद हा नीतीचाही भेद आहे. चतुर्थीपासून प्रथमेपर्यंतच्या या अंतरात माणसाला थांबता येते, हे समुपदेशनाच्या शास्त्राला जे शिकवावयाचे असते, ते भाषेत आधीपासूनच आहे.

याच ठिकाणी उपदेशाची वाक्ये घसरतात. ‘टेन्शन’ हा इंग्रजी शब्द घोडपदेवने, किंबहुना सबंध मुंबईने, आपलासा केला तो मराठीच्या याच साच्यात: ‘मला टेन्शन आलंय.’ त्यावर शेजारचा, नातलग, आणि कित्येकदा समुपदेशकही म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका.’ वरवर हा धीर आहे. परंतु ‘येणे’ हे क्रियापद बदलून ‘घेणे’ झाले, त्याबरोबर चतुर्थीतील माणूस प्रथमेत आला. जे त्याच्यावर आले होते ते त्याने घेतले असे ठरले. म्हणजे दोष त्याचा. ‘मनाला लागलं’ असे म्हणणाऱ्या सुनेला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे सांगणे याच जातीचे आहे. एका क्रियापदाच्या फरकाने बोलणाऱ्याचा शब्द टाळून तिच्या माथी जबाबदारी टाकली जाते, आणि ती पुढे बोलत नाही. न बोलण्याचे कारण विचारले तर तिला सांगता येणार नाही. पण कान शाबूत असलेल्या साहाय्यकाला ते कळावयास हवे.

परदेशी पद्धतींचे उतारेही याच दृष्टीने तपासावे लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६० नंतरच्या दशकात पालकांसाठी एक युक्ती प्रचारात आणली: ‘तू असा आहेस’ असे न म्हणता ‘मला असे होते’ या रूपात बोलावे. तिच्या मराठी आवृत्तीत ‘प्रत्येक वाक्य ‘मला वाटते’ने सुरू करा’ असा नियम दिला जातो. पण ‘वाटणे’ हे मराठीत भावनेचे आहे तसेच मताचेही आहे. ‘मला एकटं वाटतं’ ही भावना. ‘मला वाटतं तू खोटं बोलतोस’ हा उघड आरोप. सुरुवात तीच, परिणाम उलटा. नियम भाषांतरित झाला, विवेक भाषांतरित झाला नाही. वास्तविक मराठीत ‘तू उशिरा आलास की माझा जीव घाबरा होतो’ हे वाक्य गॉर्डन यांच्या युक्तीचे सर्व प्रयोजन साधते, आणि ते चाळीतील कोणत्याही बाईला शिकवावे लागत नाही. शिकवावे लागत असेल तर ते ऐकणाऱ्याला.

४

येथे एक आक्षेप संभवतो. चाळीतील जुन्या व्यवहारात ऐकणे होतेच. शेजारणी होत्या, गावमंडळे होती, वडीलधारी माणसे मध्ये पडत, मग या नव्या विद्येची गरज काय? हा आक्षेप हलका नाही. ‘विचारपूस’ हा शब्दच त्या व्यवहाराची थोरवी सांगतो. ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, आणि ‘पुसणे’ म्हणजे डोळे पुसणे. हे दोन शब्द वेगवेगळ्या धातूंपासून आले असले तरी मराठी कानाला ते एकत्रच ऐकू येतात. ‘मन मोकळं करणे’, ‘धीर देणे’, ‘पाठीवर हात ठेवणे’ या क्रिया कोणत्याही पदविकेशिवाय चालत आल्या आहेत, आणि पुढेही चालाव्यात.

परंतु त्याच व्यवहाराचे दुसरे अंग ‘समजूत’ या शब्दात दिसते. मराठीत समजूत घातली जाते किंवा काढली जाते. घालणे आणि काढणे या एरवी विरोधी असलेल्या क्रियापदांचा येथे जवळजवळ एकच अर्थ होतो, ही गोष्ट बोलकी आहे. समजूत बहुधा दुखावलेल्याची काढली जाते, दुखावणाऱ्याची नाही. ‘तुझं खरं आहे, पण आता सोडून दे’ हे समजुतीचे आदर्श वाक्य. त्यात पहिल्या अर्ध्या भागाने न्याय दिला जातो आणि दुसऱ्या अर्ध्या भागाने तो परत घेतला जातो.

या साऱ्या व्यवहाराचे अंतिम प्रयोजन ‘नांदणे’ या शब्दात साठलेले आहे. ‘नन्द्’ या धातूपासून आलेल्या या क्रियापदाचा मूळ भाव आनंदाचा. सुखाने राहणे असा त्याचा अर्थ झाला; आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत सुख गळून नुसते राहणे उरले. ‘ती नांदत नाही’ याचा अर्थ ती सुखी नाही असा होत नाही, ती सासरी राहत नाही असा होतो. शब्दातील आनंद गेला आणि पत्ता राहिला. या क्रियापदाचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण मुंबईतच घडले. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पुढे अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन वाद मिटला, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. या प्रकरणात वृत्तपत्रे, पुढारी आणि न्यायालये सर्व बोलली. तिला नांदावेसे वाटते काय, हा चतुर्थीतील साधा प्रश्न मात्र निकालात काढण्याजोगा ठरला. समजुतीच्या परंपरेला जे विचारता आले नाही ते विचारणे, एवढ्यासाठी तरी नव्या व्यवहाराची गरज आहे.

५

उपदेशाहून वेगळे असे सल्ल्याचे गद्य मराठीत पूर्वी झालेच नाही असे नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, आणि या कार्यामुळेच त्यांना महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकीस मुकावे लागले. मासिकातील वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे हा त्याचा विशेष भाग. कामजीवन, विवाह, भीती, शरम यांविषयी जे कोठेच विचारता येत नव्हते ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत, आणि कर्वे उत्तर देत.

वाङ्मयप्रकार म्हणून या प्रश्नोत्तरांकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिले नाही. कर्व्यांना समाजसुधारक म्हणून मान मिळाला, गद्यकार म्हणून नाही. वस्तुतः उपदेशाच्या गद्यापासून त्यांचे गद्य तीन बाबतींत वेगळे आहे. एक, प्रश्नकर्त्याच्या शीलाची चिकित्सा न करता ते प्रश्नाला उत्तर देतात. असा प्रश्न पडलाच का, हे विचारीत नाहीत. दोन, त्यांच्या उत्तरांचा गाभा ‘असे करावे’ हा नसून ‘असे असते’ हा आहे. विध्यर्थाची जागा वर्तमानकाळातील साधी विधाने घेतात. ज्याला आपण विकृत आहोत असे भय वाटते, त्याला ‘हे अनेकांच्या बाबतीत घडते’ एवढे साधे विधान कोणत्याही सांत्वनाहून अधिक आधार देते. तीन, माहिती देऊन झाली की निर्णय विचारणाऱ्यावर सोपविला जातो.

समाजाने या गद्याची किंमत ताबडतोब ओळखली, ती शिक्षेच्या रूपाने. १९३१ मधील पहिल्या खटल्यात कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसऱ्या खटल्यात आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर देणे हा अपराध कसा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. खटला हरला गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. उपदेश केल्याबद्दल कोणावर खटला झाल्याचे ऐकिवात नाही. उत्तर दिल्याबद्दल मात्र झाला.

तथापि कर्व्यांच्या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. पत्रातील प्रश्न एकदाच येतो. उत्तर देणाऱ्याला उलट विचारता येत नाही, प्रश्नामागे दडलेला प्रश्न ऐकता येत नाही. कर्व्यांची बुद्धिनिष्ठा प्रखर असल्यामुळे, अज्ञान गेले की दुःख जाईल असे ते पुष्कळदा गृहीत धरतात. भयाच्या बाबतीत हे खरे ठरते. शोक, मत्सर, अपमान यांच्या बाबतीत ठरत नाही. ‘असे असते’ हे विधान भित्याला धीर देते, पण जिचे मन उडाले आहे तिला ते पुरत नाही. कर्व्यांनी उत्तराला उपदेशापासून सोडविले; ऐकण्याचे काम त्यांच्या माध्यमाच्या आवाक्याबाहेर राहिले.

६

ते काम पुढच्या काळात संस्थांनी हाती घेतले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये मुंबईत कौटुंबिक न्यायालय स्थापन होऊन विवाह समुपदेशक हे पद लोकांच्या परिचयाचे झाले. पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने आपल्या केंद्राला ‘बोलते व्हा’ हे नाव दिले. भाषेच्या दृष्टीने हे नाव अभ्यसनीय आहे. ‘व्हा’ हा आज्ञार्थच. पण त्याने काय करावे हे सांगितलेले नाही, बोलत्या अवस्थेत येण्याचे निमंत्रण दिले आहे. आज्ञार्थाचा इतका अनाग्रही उपयोग मराठीत विरळा.

मात्र संस्था स्थापन झाली म्हणजे भाषा बदलली असे होत नाही. ‘जुळवून घ्या’ हे वाक्य ओट्यावरून उठून टेबलामागच्या खुर्चीवर बसू शकते. या धोक्याची जाणीव कायद्याने ठेवलेली दिसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खालील नियमांत समुपदेशकाने कसे वागावे हे सांगितले आहे: केलेल्या हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला वाव द्यावयाचा नाही, हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळविण्याकडे लक्ष ठेवावयाचे, आणि तडजोडीचा प्रयत्न पीडित स्त्रीची इच्छा असेल तरच करावयाचा. ‘तिची इच्छा असेल तर’ ही अट म्हणजे रखमाबाईंच्या प्रकरणात न विचारलेला प्रश्न होय. तो विचारण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला. आणि ‘समर्थनास वाव नाही’ याचा वाक्यरचनेतील अर्थ असा की, ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण त्या खोलीत उच्चारावयाची नाही. परस्परांच्या रुसव्याला लागू पडणारी म्हण मारहाणीला लावणे म्हणजे कर्ता गाळण्याचाच दुसरा प्रकार आहे.

याच्या विरुद्ध टोकाचा विचारही तपासला पाहिजे. रॉजर्स यांचा अनाग्रह आपल्याकडे कितपत चालेल? ‘ताई, मी काय करू ते सांगा’ असे म्हणत आलेल्या बाईला ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रतिप्रश्न पुष्कळदा झिडकारल्यासारखा वाटतो. ती समुपदेशकाला ‘ताई’ म्हणते, आणि थोरल्या बहिणीने हात राखून बोलू नये अशी तिची रास्त अपेक्षा असते. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य संबंधाचा उपचाराच्या दृष्टीने विचार मांडला, तो याच जाणिवेतून. पश्चिमेतील समान अंतरावरचा संबंध येथील माणसाला आधार देईलच असे नाही, हे त्यामागचे भान होते. ते मान्य करूनही एक भेद राखता येतो. कायदा काय म्हणतो, दवाखाना कोठे आहे, या लक्षणांवर औषध आहे काय, हे ताईने स्पष्ट सांगितलेच पाहिजे. येथे मौन पाळणे हा अनाग्रह नव्हे, हयगय आहे. नांदावे की सोडावे, बोलावे की थांबावे, हे मात्र तिने तिच्याकडूनच ऐकावयाचे. माहिती सांगावी, निर्णय ऐकावा. कर्व्यांच्या गद्याने पहिल्या अर्ध्या भागाचा वस्तुपाठ घालून दिलेला आहे; दुसरा अर्धा भाग अद्याप शिकावयाचा आहे.

भाषेच्या अंगाने या शिकण्याचे काही नियम सांगता येतात. बोलणाऱ्याचा शब्द बदलू नये. ती ‘जीव रमत नाही’ म्हणाली तर तिच्यापुढे ‘नैराश्य’ ठेवण्याआधी ‘कधीपासून रमत नाही?’ असे विचारावे. ‘असं का केलंत?’ या प्रश्नात मराठी कान जाब ऐकतो. ‘तेव्हा काय झालं?’ या प्रश्नात वाट ऐकतो. ‘आपण’ हे सर्वनाम जपून वापरावे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे बहुवचन हे मराठीचे वैभव आहे. ‘आपण बघू या’ म्हणताना सोबत मिळते. पण ‘आपण थोडं सहन करू या’ या वाक्यातील सहन करणारी एकटीच असते, आणि तेथे ‘आपण’ खोटे ठरते.

आणि काही वाक्ये अशी आहेत की ती ऐकल्यावर व्याकरण, संकोच आणि धीराच्या सर्व रीती बाजूला ठेवाव्यात. ‘जीव नको झालाय’, ‘एकदाची सुटले तर बरं’, ‘मी नसलेलीच बरी’ ही वाक्ये आपल्याकडे बोलण्याची तऱ्हा म्हणून इतकी रुळली आहेत की ऐकणारा ‘असं बोलू नये’ या विध्यर्थाने ती मिटवून टाकतो. असे मिटविणे घातक आहे. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे अशा वेळी सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते, हे आता अभ्यासांनी दाखविले आहे. होकार आल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि डॉक्टरांपर्यंत किंवा २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेपर्यंत (दूरध्वनी क्रमांक १४४१६) पोहोचवावे.

७

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मराठी समुपदेशनाला पारिभाषिक शब्दांची उणीव भासते असे म्हटले जाते. ती उणीव दुय्यम आहे. मनाविषयी बोलण्याची समर्थ भाषा घोडपदेवसारख्या वस्तीत रोजच्या वापरात आहे, आणि तिच्या विभक्तीत दुःखाचा आदरही आहे. उणीव आहे ती या भाषेला उत्तर देणाऱ्या गद्याची. आजचे गद्य चतुर्थीतील माणसाला विध्यर्थाने उत्तर देते, आणि म्हणून दोघांची गाठ पडत नाही.

‘ऐकणे’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ, मानण्याचा, भाषेतून काढून टाकता येणार नाही, आणि तसे करण्याचे कारणही नाही. त्याला दिशेचे बंधन नसावे, एवढेच अपेक्षित आहे. सासूने सुनेचे ऐकले, बापाने मुलाचे ऐकले, नवऱ्याने बायकोचे ऐकले, तर त्या वाक्यांत कोणाला उपहास ऐकू येऊ नये. तो ऐकू येणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात उपदेश आहे की नाही, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीच्या अभ्यासकांपुरता उरेल.